क्रॉपी आणि पॅनफिशसाठी रॉड-रील कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला, तळ्यांचं पाणी कोमट व्हायला लागलं, की अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे मेसेज सुरू होतात. कुणी टेक्सासातून, कुणी ओहायोतून, कुणी मिनेसोटातून. पाणी वेगळं, प्रश्न तेच. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आधी आपला प्रश्न शोधा, मग विचारा.

१. क्रॉपी, पॅनफिश म्हणजे नेमके कोणते मासे? त्यांच्यासाठी वेगळा रॉड कशाला?

पॅनफिश ही एक जात नाही. तव्यात अख्खे मावतील असे गोड्या पाण्यातले छोटे, खायला चांगले मासे म्हणजे पॅनफिश : ब्लूगिल, रेडइअर, पंपकिनसीड, यलो पर्च आणि क्रॉपी. क्रॉपीतही दोन प्रकार. व्हाइट क्रॉपी गढूळ पाण्यातही मजेत राहते, ब्लॅक क्रॉपीला जरा नितळ पाणी आणि पाणवनस्पती आवडतात. रॉड दोघींना एकच चालतो.

साधारण क्रॉपी अर्धा ते एक पौंडाची. दोन पौंडांची लागली तर लोक फोटो फ्रेम करून लावतात. व्हाइट क्रॉपीचा विश्वविक्रम ५ पौंड ३ औंसांचा आहे, १९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड डॅमवरचा. ब्लूगिलचा ४ पौंड १२ औंस, अलाबामातल्या केटोना लेकचा, १९५०चा. तेव्हा मासा ओढून काढायला ताकद लागते म्हणून हा रॉड घ्यायचा नसतो. कारणं दोन आहेत. आमिष अगदी हलकं असतं, ते जड रॉडने फेकलंच जात नाही. आणि क्रॉपीच्या जबड्याची कड कागदासारखी पातळ असते, ताठ रॉडचा हिसका बसला की ती फाटते. पुढची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींतूनच निघतात.

२. पहिलाच रॉड घेतोय. फार थिअरी नको, एकच काहीतरी सांगा.

साडेसहा फुटी, अल्ट्रालाइट किंवा लाइट पॉवरचा, म्हणजे सहज वाकणारा स्पिनिंग रॉड. त्यावर १००० नंबरची स्पिनिंग रील. चार पौंडी (म्हणजे साधारण तेवढा ताण सोसणारी) मोनो लाइन, आणि पाण्यात झाडाझुडपांचा पसारा असेल तर सहा पौंडी. काठावरून, धक्क्यावरून, मित्राच्या बोटीतून, सगळीकडे चालतो. रॉड-रीलचा जोड ४० ते ७० डॉलरांत बऱ्यापैकी मिळतो, आणि पहिली दोन वर्षं याहून जास्त घालायची गरज नाही.

तेही घालायचे नसतील तर आधी उसना रॉड वापरून पाहा. टेक्सासच्या वन्यजीव खात्याची रॉड-रील उसनी देण्याची योजना आहे, मिनेसोटाच्याही बऱ्याच स्टेट पार्कांत अशी सोय असते. पार्कच्या ऑफिसात विचारायला संकोच करू नका.

३. रॉडवर इतकं काय काय छापलेलं असतं, त्यातलं काय बघायचं?

मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत एक ओळ असते. उदाहरणार्थ : ६ फूट ६ इंच, अल्ट्रालाइट, फास्ट, लाइन २–६ पौंड, ल्यूअर १/३२–१/४ औंस. मी ही ओळ शेवटाकडून वाचतो, कारण सगळ्यात कामाचा आकडा ल्यूअरचा, म्हणजे आमिषाच्या वजनाचा आहे.

क्रॉपीच्या जिग (डोक्याशी वजन असलेला गळ, तेच आमिष) बहुतेक १/३२ ते १/८ औंसांच्या. १/१६ औंस म्हणजे पावणेदोन ग्रॅम, हल्लीच्या रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मं. एवढ्याशा वजनाने रॉडचं टोक मागे वाकलं पाहिजे. तेच सरळ होताना जिग पुढे फेकतं. रॉडवर १/८ ते १/२ औंस छापलं असेल तर तो लाइट म्हणवत असला तरी तुमच्या कामाचा नाही. आणि एका कंपनीचा अल्ट्रालाइट दुसरीच्या लाइटएवढा ताठ असू शकतो. म्हणून पॉवरच्या नावापेक्षा औंसांवर विश्वास ठेवा.

पॉवर म्हणजे रॉड किती जोराला वाकतो, आणि अ‍ॅक्शन म्हणजे कुठून वाकतो. फास्ट फक्त टोकाकडून वाकतो, मॉडरेट अर्ध्यातून, स्लो जवळजवळ मुठीपासून. हातात जिग घेऊन बारीक टोच ओळखायची तर फास्ट बरा. बॉबर (लाइनवरचा तरंगता गोळा, मासा लागला की बुडतो) लावून बसणार असाल, किंवा मासा लागला की हाताला आपोआप झटका बसत असेल, तर मॉडरेट घ्या. नवशिक्यांना मी मॉडरेटच सुचवतो, दुकानदार बहुधा फास्ट दाखवतात.

४. लांबी किती घ्यावी? पाच फुटांपासून सोळा फुटांपर्यंत दिसतात.

आधी हे ठरवा की तुम्ही उभे कुठे राहणार.

पाण्यावर फांद्या झुकलेल्या छोट्या ओढ्याकाठी, किंवा बोटीतून धक्क्यांखाली जिग ‘शूट’ करायची असेल तर पाच ते सहा फूट. शूटिंगमध्ये जिग चिमटीत धरून, रॉड धनुष्यासारखा ताणून सोडतात, आणि ती पाण्याला लागून सपाट जात धक्क्याच्या सावलीत शिरते. लांब रॉडने हे जमत नाही. (जिग चिमटीत धरताना गळाचं टोक बोटांच्या बाहेर राहील असं बघा.)

मोकळ्या काठावरून फेकायचं तर साडेसहा ते साडेसात फूट. अर्धा-एक फूट लांबी वाढली की हलकी जिग बरीच लांब जाते, आणि काठाजवळचं गवत ओलांडून लाइन उचलता येते. काठावर उभं राहणाऱ्यांनी साडेसहाच्या खाली जाऊ नये, असं माझं मत.

बोट झुडपाजवळ नेऊन जिग सरळ खाली सोडायची असेल तर नऊ ते बारा फूट. हे लांब पोल वेगळं प्रकरण आहे, प्रश्न ११ पाहा. बर्फावरचे रॉड तर हातभरच असतात, ते प्रश्न १४ मध्ये.

५. स्पिनिंग, स्पिनकास्ट की बेटकास्टर?

बेटकास्टर नको. त्याचं जड स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) फिरवायला जिगचं वजन पुरत नाही, फेकाल तेव्हा गुंता होतो. अतिहलक्या आमिषासाठी बनवलेले महागडे बेटकास्टर निघालेत, पण ते छंद मुरलेल्यांसाठी.

स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकते, स्पूल उघडं असतं आणि फेकताना फिरत नाही, लाइन वेटोळ्यांनी सुटते. हलक्या वजनाला हीच उत्तम.

स्पिनकास्ट म्हणजे टोपण असलेली, मागे बटणाची रील. तिची जन्मकथा मजेदार आहे. आर. डी. हल नावाच्या टेक्सासच्या घड्याळजीने तिची कल्पना ओक्लाहोमातल्या टल्सा इथल्या झीरो अवर बॉम्ब कंपनीकडे नेली. ही कंपनी तेलविहिरींत फोडायचे बॉम्ब बनवत असे. १९४९ मध्ये तिने पहिल्या रील काढल्या, आणि तीच पुढे झेब्को झाली. १९५४ ची झेब्को ३३ अजून प्रत्येक दुकानात टांगलेली दिसते. वापरायला सोपी, पण टोपणाला लाइन घासते, त्यामुळे १/३२ औंसाची जिग फार लांब जात नाही. बॉबर आणि गांडूळ असेल तर काहीच अडत नाही.

६. रीलचा नंबर ५००, १०००, २००० म्हणजे काय? बेअरिंग जास्त तितकी रील भारी का?

नंबर म्हणजे रीलचा आकार. ५०० फार चिमुकली. स्पूल लहान म्हणून लाइनला घट्ट कुरळे पडतात. १००० सहा-साडेसहा फुटी रॉडला बरोबर. सात फुटांच्या पुढे २००० सुद्धा शोभते, आणि मोठ्या स्पूलवरून लाइन सुरळीत सुटते. कंपन्यांचे नंबर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून रील रॉडला लावूनच पाहा. मुठीपुढच्या जागी एका बोटावर रॉड तोलला की तो साधारण आडवा राहायला हवा. टोक धपकन खाली गेलं तर दिवसभरात मनगट भरून येणार.

बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. दहा भिकार बेअरिंगपेक्षा चार चांगली परवडली. गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेरीत रील किती वेळा फिरते ते, ५ : १ च्या आसपास पुरे. क्रॉपीला जिग सावकाश हवी असते, वेगाची रील उलट नडते. पैसे वाढवायचेच असतील तर रॉडवर वाढवा. या माशांत रील म्हणजे लाइन साठवायची जागा आणि एक चांगला ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक), बस्स.

७. लाइन कोणती? मोनो, फ्लुरो की ब्रेड?

गावाकडे ज्याला आपण तंगूस म्हणतो तीच मोनो. स्वस्त, थोडी ताणली जाते, आणि तो ताणच पातळ जबड्याला वाचवतो. चार पौंडी मोनोने सुरुवात करा.

फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसते आणि बुडते. नितळ पाण्यात जिगसाठी छान, पण बॉबरबरोबर त्रासदायक, कारण बॉबर आणि रॉड यांच्यामधली लाइनच खाली जाते. ब्रेड अजिबात ताणली जात नाही, त्यामुळे टोच चटकन कळते आणि क्रॉपीचं तोंडही चटकन फाटतं. ब्रेड वापरायचीच तर मऊ रॉडवर, पुढे तीन-चार फूट मोनो किंवा फ्लुरो जोडून.

झुडपांत मासे धरणारे मात्र आठ-दहा पौंडी लाइन वापरतात. मासा मोठा असतो म्हणून नव्हे. त्यांचे गळ बारीक तारेचे असतात. फांदीत अडकला की जोराने ओढायचं, गळ सरळ होतो, लाइन टिकते. गळ पकडीने परत वाकवला की पुन्हा चालू. चार पौंडी लाइनवर हेच केलं तर प्रत्येक फांदीला एक जिग दान.

८. नवीन लाइन भरली आणि दोन तासांत तिचा पार गुंता झाला. रील खराब निघाली का?

बहुतेक वेळा रील निर्दोष असते, लाइन पीळ घेऊन भरली गेलेली असते. भरताना लाइनचं रीळ जमिनीवर लेबल वर करून ठेवा. लाइन ओल्या फडक्यातून चिमटीत धरून वीसेक वेळा हँडल फिरवा आणि थांबा. हात पुढे नेऊन लाइन ढिली सोडा. ती स्वतःभोवती वळायला लागली तर रीळ उलटं करा, लेबल खाली. स्पूलच्या काठापासून साधारण १/८ इंच रिकामं राहील इतकीच भरा. काठोकाठ भरली की वेटोळी एकदम सुटतात.

आणखी दोन सवयी. फेकल्यावर बेलची तार (स्पूलवरची, लाइन गुंडाळणारी कमान) हँडल फिरवून बंद करू नका, हाताने खाली करा आणि लाइन किंचित ताणून मग गुंडाळा. आणि मासा लाइन ओढून नेत असताना हँडल फिरवत राहू नका. तेव्हा लाइन आत येत नाही, नुसता पीळ वाढतो.

९. ड्रॅग किती घट्ट ठेवू?

लाइनच्या ताकदीच्या पाव हिस्सा. चार पौंडी लाइनला एक पौंड. ताणकाटा लागत नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली साधारण १.१ पौंड भरते. ती लाइनला बांधा, रॉडचं टोक सरळ बाटलीकडे खाली ठेवा, आणि रॉड न वाकवता हळूच वर उचला. बाटली जमिनीवरून सुटता सुटता ड्रॅगने कुरकुरत लाइन सोडायला हवी. बाटली दिमाखात वर आली तर ड्रॅग सैल करा. लाइन झटक्या-झटक्याने सुटत असेल तर ड्रॅगच खडबडीत आहे, आणि तशी रील दुकानातच परत ठेवावी.

१०. मासा लागतो, काठापर्यंत येतो, आणि उचलताना पडतो. रॉड बदलू का?

आधी लांब दांड्याचं जाळं घ्या, दहा-पंधरा डॉलरांचं. क्रॉपी पाण्यात असेपर्यंत तिचं वजन पाणी पेलतं. लाइनवर उचलली की सगळा भार त्या पातळ कातडीवर येतो. जाळं आणूनही मासे वाटेतच सुटत असतील तर ड्रॅग तपासा (प्रश्न ९), आणि मग रॉडच्या अ‍ॅक्शनकडे वळा (प्रश्न ३).

ब्लूगिल सुटत असेल तर बहुधा गळ मोठा झालाय. त्याचं तोंड इवलंसं, त्याला ८ किंवा १० नंबरचा गळ लागतो. क्रॉपीचं तोंड मोठं, तिला ४ नंबरही चालतो. (गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे नव्या माणसाला हमखास उलटं वाटतं.)

११. मिसिसिपी-टेनेसीकडे लोक बारा फुटी काठ्या घेऊन बसतात. ते काय असतं? रील नसली तरी चालते का?

ते जिग पोल. मूळचे बांबूचे, आता ग्राफाइटचे. फेकायचं नाही. बोट झुडपापासून दहा-बारा फूट लांब ठेवायची आणि पोलाने जिग अलगद फांद्यांच्या मधल्या खिडकीत खाली सोडायची. टेनेसीतलं रीलफूट लेक १८११–१२ च्या भूकंपांनी जमीन खचून तयार झालं. त्याच्या उथळ पाण्यात सायप्रसची झाडं आणि बुंधेच बुंधे. तिथे जिग आडवी ओढली तर पहिल्याच ओढीत गेली. वरून सोडलेली उभीच्या उभी वर येते.

वसंतात पाणी ६० ते ६५ अंश फॅरनहाइट झालं की क्रॉपी अंडी घालायला उथळात येते, आणि मग काठावरूनही हा पोल कमाल करतो. रीलशिवाय नक्कीच चालतो, पोलाएवढी लाइन टोकाला बांधली की झालं. कोकणात ओढ्यावर बांबूच्या काठीने गरवलेल्यांचा हात यात लवकर बसतो. पण खोली बदलता यावी म्हणून मी छोटी रील असलेलाच सांगेन. एरवी १० फूट पाण्यातला मासा १४ फुटांवर गेला की तुम्ही काठी धरून बसलेले.

आणि जिग माशाच्या वर ठेवा. क्रॉपीचे डोळे वरचं टिपतात. खालून गेलेल्या जिगकडे ती ढुंकून बघत नाही.

१२. मुलगी सहा वर्षांची आहे. कार्टूनवाला रॉड घेऊ का?

कार्टून असायला हरकत नाही, पण अडीच फुटी खेळणं नको. साडेचार-पाच फुटी रॉड, बटणाची स्पिनकास्ट रील (प्रश्न ५), वर एक छोटा बॉबर, खाली ८ नंबरचा गळ आणि गांडुळाचा तुकडा. क्रॉपीचा नाद सोडा, तिला ब्लूगिल दाखवा. तो दिवसाढवळ्या, काठाजवळ, पटापट लागतो. टेक्सासात १७ वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही, आणि स्टेट पार्कच्या आत काठावरून मासे धरणाऱ्या मोठ्यांनाही लागत नाही. बाकी राज्यांचे नियम वेगळे, निघण्याआधी बघून घ्या.

१३. बॉबर लावूनच बसणार आहे. रॉड तोच ना?

चार फुटांपर्यंतच्या पाण्यात तोच. त्याहून खोल असेल तर लाइनवर घट्ट बसणारा बॉबर फेकताच येत नाही, सरकणारा स्लिप बॉबर घ्या. त्याला सात फुटी मॉडरेट रॉड बरा, कारण बॉबर बुडाल्यावर पाण्यावरची ढिली लाइन आधी उचलावी लागते.

१४. मिनेसोटात बर्फावर हाच रॉड चालेल?

भोकापासून साडेसहा फूट लांब उभं राहून भोकात बघायचं असेल तर. बर्फावरचे रॉड २४ ते ३० इंचांचे, टोक केसासारखं नाजूक, लाइन दोन-तीन पौंडी. तिथे चिमुकली जिग लाइनच्या पिळाने गरगर फिरते आणि मासा नुसता बघत राहतो. म्हणून बरेच जण लाइन सरळ गुंडाळणारी इनलाइन रील लावतात. चालायला किमान चार इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा. आधी मोजा, मग पाऊल टाका.

१५. बोटीच्या पुढे आठ-आठ रॉड लावलेले पाहिले. मीपण लावू?

याला स्पायडर रिगिंग म्हणतात. बारा ते सोळा फुटी पोल पंख्यासारखे लावून बोट मुंगीच्या गतीने पुढे न्यायची. मासे विखुरलेले असताना फार उपयोगी, पण हा खर्च एका रॉडचा नाही, होल्डरसकट सगळ्या संचाचा आहे. शिवाय एकाने किती लाइन टाकायच्या यावर राज्याराज्यांत मर्यादा असते. मिनेसोटात उन्हाळ्यात एक आणि बर्फावर दोन.

१६. घरात बास या मोठ्या माशासाठीचा मीडियम पॉवरचा रॉड पडून आहे. नवा घ्यायलाच हवा का?

बॉबर लावून बसायचं असेल तर नको. बॉबरचंच वजन फेकायला पुरतं. फक्त लाइन सहा पौंडी करा आणि ड्रॅग सैल. १/१६ औंसाची जिग नुसती फेकायची असेल तर मात्र हवाच. मीडियम रॉडने ती पायापाशी पडेल.

१७. या नाजूक रॉडला चार पौंडांचा कॅटफिश लागला तर?

लागणारच कधीतरी. ड्रॅग नीट असेल तर त्याला पळू द्या. रॉड आकाशाकडे ताठ उभा करू नका. टोक मुठीकडे वळेल असा उचलला की रॉड तिथेच मोडतो, आणि अल्ट्रालाइट रॉड बहुतेक असेच मोडतात. त्यासाठी आधीच जाड लाइन भरून ठेवण्यात अर्थ नाही, मग क्रॉपी येईनाशी होते.

१८. गराज सेलमध्ये पाच डॉलरला मिळतोय. काय तपासू?

कापसाचा बोळा रॉडवरच्या, लाइन जाते त्या प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. धागा अडकला तर कडी चिरलेली आहे, ती लाइन कापणार. सगळ्यात वरची कडी दोनदा बघा. मग रॉड हातभर अंतराने हळूच वाकवून कान द्या, बारीक कटकट ऐकू आली तर ठेवून द्या. रीलचं हँडल मागेपुढे हलवून बघा, थोडा ढिलेपणा चालतो. हँडल फिरवल्यावर बेल खटकन बंद होत नसेल तर स्प्रिंग गेलेली आहे. जुनी लाइन काढून टाकायची, ती कितीही चांगली दिसो.

१९. सुट्टीत भारतात नेता येईल का? उजनीवर चालेल?

अमेरिकेच्या विमानतळावर रॉडला बंदी नाही. अडचण असते ती एअरलाइनच्या लांबीच्या नियमाची. म्हणून चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड कडक नळीत घालून चेक-इन करा, गळही त्यातच. उजनीत चिलापी भरपूर आहे, आणि पाव-अर्धा किलोच्या चिलापीला हा रॉड झकास चालतो. कणकेची गोळी, छोटा गळ, बॉबर. रोहू, कटला किंवा मरळ यांच्या नादी मात्र हा घेऊन लागू नका. धरणांतल्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेला असतो, त्यामुळे बसण्याआधी तिथल्या माणसांना विचारून घ्या. कुठे बसायचं तेही तेच सांगतात.